शेपटीला झेंडूचा हार

डोंबिवलीच्या आकाशावर माणसाने बिनतारी हुकमत मिळवली, त्या घटनेचा मी साक्षीदार आहे. हुकमत फक्त वळण्यापुरती होती. वर जायचं की खाली यायचं, हे विमान आपलं आपण ठरवी.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझा शेजारी तार खात्यात नोकरीला होता आणि रविवारी विमान बांधायचा. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, पंखांवर पातळ कागद, नाकाशी लहानसं इंजिन. इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण लागे, त्यामुळे चाळीत दवाखाना आणि रेशनचं दुकान एकाच खोलीत उघडल्यासारखा वास येई. विमानाच्या पोटात रेडिओचा व्हॉल्व्ह. हातातल्या पेटीचं बटण दाबलं की शेपटीचं सुकाणू डावीकडे वळे, सोडलं की सरळ होई, पुन्हा दाबलं की उजवीकडे. मी शाळामास्तर. विमान धरून पळायचं आणि वेळेवर सोडायचं, एवढं माझं काम.

उडवायला जागा मात्र नव्हती. कोपरकडे खाडीचा चिखल, गावात विजेच्या तारा. मानपाड्याला एका शेतकऱ्याचा माळ होता आणि माळाच्या पायथ्याशी त्याचंच भात. दसऱ्याला एकदा उडवून दाखवा, मग बघू, असं त्याने सांगितलं.

"पन माज्या भाताची नासाडी झाली तं परत येव नको, मास्तर."

म्हणजे आमचे पुढचे सगळे रविवार त्या एका उड्डाणावर टांगलेले. शेजाऱ्याने एवढ्यावर थांबायचं, तर त्याने ही बातमी वाचनालयाच्या अध्यक्षांना सांगितली.

अध्यक्ष कोट, टोपी, नारळ आणि कार्यकारिणीचे दोन सभासद घेऊन आले. भाषण पुराणातल्या विमानांपासून निघालं. ते आमच्या विमानापर्यंत पोचलं तेव्हा ऊन कललं होतं. मग दसऱ्याची पूजा. इंजिनाला कुंकू, पंखांवर आपट्याची पानं, सगळ्यावर झेंडूचा भरघोस हार.

"हार काढतो आता," शेजारी म्हणाला.

"दसऱ्याला हत्याराचा हार उतरवता?" अध्यक्ष म्हणाले. "घरी शिवणयंत्राचा उतरवलात का?"

"शिवणयंत्र उडत नाही हो."

"मग लहान करा. पण हार हवा."

पुढे पंखा फिरणार, पंख कागदाचे, म्हणून तोडलेला हार शेपटीला बांधायचा ठरला. शेजाऱ्याने विमानाच्या नाकात शिशाचा तुकडा कोंबून तोल सावरला. गाठ अध्यक्षांनी स्वतः मारली. कुठलंही काम ते कच्चं सोडत नसत.

मी पळालो, विमान सोडलं, आणि ते खरोखर उठलं. शेजाऱ्याने बटण दाबलं. विमान डावीकडे वळलं. त्याने बटण सोडलं. विमान डावीकडेच वळत राहिलं.

"सरळ कर की," मी म्हणालो.

"करतोय."

"दिसत नाही."

"हाराचा दोरा सुकाणूत अडकलाय. जा, विचार त्यांना गाठ कुठली मारली ते."

विमान घिरट्या घालत वर चाललं आणि हाराच्या पाकळ्या खाली येऊ लागल्या. "पुष्पवृष्टी," अध्यक्ष सभासदांना म्हणाले. "मीच सुचवलं होतं." सभासदांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक घिरटीबरोबर वारा विमानाला भाताकडे सरकवत होता. बांधावर बसलेल्या शेताच्या मालकाने बिडी विझवली. शेजाऱ्याने बटण दाबायचं सोडून दिलं होतं. पेटी नुसती पोटाशी धरून तो बघत होता.

इंजिनातलं तेल संपलं. विमान हळूहळू खाली आलं आणि बगळा बसावा तसं भाताच्या शेंड्यांवर टेकलं. लोंब्या जरा वाकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. एकही मोडली नाही. बांधापासून ते दोन-तीन हातांवर होतं. पतंग काढतात तसं आकड्याच्या बांबूने अलगद ओढून घेता आलं असतं. शेजारी बांबू आणायला वळलासुद्धा.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "थांबा. समारंभाची जबाबदारी माझी आहे." आणि धोतर सावरून भातात उतरले. अध्यक्षांना एकटं कुठे जाऊ द्यायचं नाही, असा वाचनालयाचा प्रघात होता. दोन्ही सभासद मागोमाग उतरले. अध्यक्षांचा एक पंपशू चिखलात रुतला. तो शोधायला तिघे भात तुडवत गोल फिरले.

शेजारी माझ्या कानाशी म्हणाला, "संपलं, मास्तर. आता पतंग उडवू."

मालक आमच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने आधी विमानाकडे बघितलं, मग भातातल्या तिघांकडे.

"तुमचा इमान हलका हाय," तो म्हणाला. "येत जा. पन ह्या मानसांना आनू नको."

माळ आम्हाला मिळाला. अध्यक्षांनी पुढच्या सभेत त्याचं श्रेय घेतलं आणि आम्ही ते घेऊ दिलं. दिवाळीनंतर मालकाने कापणी त्याच कोपऱ्यापासून सुरू केली. तिथलं भात आडवंच होतं.