उघडे डोळे
फ्रेमच्या ताज्या पॉलिशचा वास आला की मला नेऱ्याची ती आई आठवते. तेव्हा मी पनवेलच्या एका स्टुडिओत पोर्ट्रेट शिकत होतो आणि सरावाला दुसरं कोणी नसल्यामुळे स्वतःचेच फोटो काढायचो. "आधी डोळ्यांवर फोकस, बाकी सगळं नंतर," हा मालकांचा पहिला धडा. एका सकाळी त्यांनी मला एकट्यालाच नेरे गावाजवळच्या वाडीवर पाठवलं. वीटभट्टीवर विटांची रास अंगावर कोसळून गेलेला, माझ्याच वयाचा मुलगा अंगणात ठेवला होता. आधार कार्डावरच्या, डोळेही न दिसणाऱ्या काळपट चेहऱ्याशिवाय त्याचा एकही फोटो नव्हता. मी मिटलेल्या पापण्यांवर फोकस केला. त्याची आई म्हणाली, "डोळे उघडे करून दे रं बाबा. निजलेला नाय पायजे." त्याचे डोळे मी कधी पाहिलेच नव्हते, म्हणून स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरवर त्याला सरावाच्या फोटोतले माझेच डोळे लावले. फ्रेम न्यायला आली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. ती वर बघेल म्हणून मी मान खालीच ठेवली. "नजर त्याची नाय," ती म्हणाली, "पण बघतोय तरी." पदराने काच पुसून ती गेली. आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, पण नेऱ्याकडची ऑर्डर आली की मी अजूनही दुसऱ्याला पाठवतो.