हरिश्चंद्राचा चौकोन

आमच्या शेजारचा हरिश्चंद्र म्हणजे पाटावर बसण्याआधी पाट उलटा करून बघणारा माणूस. देवाने नाव एवढं मोठं दिलं आणि विश्वास द्यायचा तेवढा विसरला, असं मी त्याला तोंडावर सांगतो. तो हसतो, पण "ह्या तुका कोणी शिकयल्यान?" असंही विचारतो.

तारकर्लीतली त्यांची माडांची जमीन दोघा भावांत वाटायची ठरली. दर्याकडची बाजू थोरल्या हरिश्चंद्राला, रस्त्याकडची धाकट्या बाबलीला. बाबली मासेमारी करतो. त्याची मुलगी अक्षया मालवणला कॉम्प्युटर शिकते. आकडे लिहून दिले की प्रोग्रॅम रेघा आणि चौकोन काढतो, हे तिला नुकतंच जमू लागलं होतं. मोठ्या हौसेने ती म्हणाली, वाटणीचं चित्र मीच काढते.

तिने ओटीवर लॅपटॉप उघडला. वर 'समुद्र', खाली 'रस्ता' असं तिने नंतर वेगळं लिहिलेलं, मध्ये एकाखाली एक दोन चौकोन. हरिश्चंद्राच्या नावाचा चौकोन होता खाली, रस्त्याला चिकटून.

"माझो वाटो खाली कित्या गो?"

अक्षया गोंधळली. तिने आकडे पुन्हा तपासले. "आकडे तर बरोबर आसत, काका."

"बरोबर आसत? म्हणजे मुद्दाम काढलंस! बापसान सांगल्यान तसा!"

बाबली काही बोलायच्या आत तो चहा अर्धा टाकून उठला. मी समजावायला गेलो तर माझ्याकडेही असं बघितलं, जसा काही मला त्या जमिनीत एखादा माड मिळणार होता. दुसऱ्या दिवशी त्याने देवळात नारळ ठेवला आणि गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं, की माझा वाटा लुबाडणाऱ्याला देवा, तूच बघून घे. मला त्याचा भयंकर राग आला. सख्ख्या भावावर गाऱ्हाणं!

इकडे अक्षया त्या चित्राला चिकटूनच होती. घर कुठे आहे ते कळावं म्हणून तिने एका छोट्या चौकोनावर त्रिकोणाचं छप्पर काढलं, तर घर डोक्यावर उभं राहिलं. तेव्हा तिची ट्यूब पेटली. तिने आकडे खालून वर मोजून दिले होते आणि कॉम्प्युटर वरून खाली मोजत होता. वेगळी लिहिलेली 'समुद्र' आणि 'रस्ता' ही नावं तेवढी जागेवर होती, बाकी सगळंच चित्र उलटं पडलं होतं. चौकोन उलटा झाला तरी चौकोनच दिसतो, म्हणून कुणालाच पत्ता लागला नव्हता.

ती धावत काकाकडे गेली. त्याने तिला समोर बसवून पुन्हा पुन्हा चित्र काढायला लावलं. आकडे फिरवले की घर सरळ होई आणि त्याचा चौकोन समुद्राला जाऊन भिडे. शेवटी त्याची खात्री पटली.

गाऱ्हाणं मागे घ्यायला गेला, तर गुरव म्हणाला, "जेच्यावर घातलंस, तेका घेवन ये."

हरिश्चंद्र मला सोबत घेऊन बाबलीकडे गेला. अंगणापुढच्या वाळूत होडी ओढून ठेवलेली, जाळी कोरडी ठणठणीत.

"होडी हयसर कशी?" त्याने विचारलं.

बाबली खाली बघत म्हणाला, "तू गाराणा घातलंस, तेवापासून मी दर्यात गेलंय नाय. थोरल्याचा बोलणा. खरा झाला तर?"

 हरिश्चंद्र भावाचा हात धरून देवळात गेला, भावाचं नाव मोठ्याने घेतलं आणि गाऱ्हाणं मागे घेतलं.

सकाळी होडी त्यानेच पाण्यात ढकलली आणि किनाऱ्यावर बसून राहिला. मी जेवायला बोलवायला गेलो.

"आता कित्या बसलंस? परत घेतलंस ना?"

"घेतलंय. पण देवान ऐकल्यान काय नाय, ह्या माका कोण सांगतलो?"

संध्याकाळी होडी लागली. बाबली पाण्यातून चालत वर आला. हरिश्चंद्राने आधी त्याचा दंड दाबून बघितला, चेहरा निरखून बघितला, आणि मग तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.