बिजलीचा ताप

थर्मामीटरवर एकशेआठ दिसत होतं, आणि बिबट्याचा ताप मुळात किती असायला हवा हे मला माहीत नव्हतं.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा यांचे आकडे तोंडपाठ होते. बिबट्या आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. कॉलेजात मांजर एकदाच हाताळलं होतं, तेही प्राध्यापकांच्या घरचं. मांजराचं अंग एकशेएक-दोनच्या आसपास असतं. बिबट्या म्हणजे मोठं मांजर, असं मी मनाशी धरून चाललो. त्या हिशेबानं समोरचं जनावर तासाभरात मरणार होतं.

ही सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. मी सोलापुरात सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी होतो. मे महिना होता. शहरापासून तासाभरावर, माळरानावरच्या एका धनगरवाड्यात आम्ही मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचत होतो. पाऊस पडला की कोवळं गवत उगवतं, ते अधाशासारखं खाऊन चांगली धडधाकट मेंढी एकाएकी मरते. त्यासाठी ही लस आधीच द्यावी लागते. माझ्याबरोबर मल्लप्पा होते. मल्लप्पा आमचे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे आणि जनावर धरणारे. अक्कलकोटकडचे, पन्नाशीचे, घरात कानडी बोलणारे. त्यांनी धरलेलं जनावर सुटलेलं मी कधी पाहिलं नाही.

दुपारी बाराच्या सुमारास एक जीप आली. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला की पलीकडच्या टेकाडाखाली सिनेमाचं शूटिंग चाललंय, आणि त्यांचा बिबट्या पडलाय.

मल्लप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब, आपल्याकडं मेंढरांचीच लस हाय की."

तरी आम्ही गेलो. खरं सांगायचं तर मला बिबट्या बघायचा होता.

सिनेमा मराठी होता, साहसपट. जंगलात हरवलेला खजिना, पाठीमागं लागलेली टोळी आणि एक प्राणितज्ज्ञ नायक. नायकाचं काम करणारे गृहस्थ खरेच प्राणितज्ज्ञ होते. त्यांचं नाव देवस्थळी. मुंबईच्या टीव्हीवर ते दर आठवड्याला प्राण्यांचा कार्यक्रम सादर करत. मुंबई-पुण्यात त्यांना लोक रस्त्यात ओळखायचे म्हणे. सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसतच नव्हता. त्यामुळं शूटिंग बघायला जमलेली माणसं त्यांना जंगल खात्याचा गार्ड समजत होती. खाकी कपडे, डोक्याला टक्कल, नाकावर जाड चष्मा. नायक म्हणून मीही त्यांना ओळखलं नसतं.

बिबट्या म्हणजे मादी होती. नाव बिजली. बंद पडलेल्या एका सर्कशीतल्या उस्मानचाचांनी तिला पिल्लापासून वाढवलं होतं. तिचा पिंजरा ट्रकमध्ये होता आणि ट्रकला वरून पत्रा होता. सकाळपासून शॉट लागायची वाट बघत ती त्या पत्र्याखाली होती. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. माणसाला घाम येतो, त्यानं अंग निवतं. मांजरकुळातल्या जनावरांना आपल्यासारखा घाम येत नाही. ती धापा टाकतात. धापा टाकूनही भागलं नाही की आतली उष्णता चढत जाते आणि मेंदू, काळीज, मूत्रपिंड एकेक करून जायला लागतं. यालाच उष्माघात म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा तिला कडुनिंबाच्या सावलीत आणून चादरीवर ठेवलं होतं. डोळे अर्धवट उघडे, जीभ बाहेर, जिभेचा रंग विटकरीसारखा. तिच्या डोक्याशी देवस्थळी मांडी घालून बसले होते. उस्मानचाचा पायाशी बसून रडत होते.

दिग्दर्शक दिनकरराव म्हणून होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. आधी पाय बांधून घ्या, मग काय ते औषध करा, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हती. मीही बैलाला आधी पाडतो, बांधतो, मगच हात लावतो.

देवस्थळी बसल्या जागेवरून म्हणाले, "बांधलीत तर झगडेल. झगडली तर ताप आणखी चढेल. डॉक्टर, तुमचं काय मत?"

मी विचार केला. गुंगीचं औषध माझ्या बॅगेत होतं. पण इतक्या तापात, काळीज इतकं धावत असताना ते दिलं तर तिथंच थांबायची भीती. मी म्हणालो की बांधायचं नाही आणि गुंगीही द्यायची नाही. पाणी, बर्फ आणि सलाईन, एवढंच करायचं.

बर्फ कुठून आणणार, हा प्रश्न आला. नायिकेच्या सरबतासाठी सोलापूरहून भुश्शात घालून दोन लाद्या आणल्या होत्या. त्या बाई स्वतः उठल्या आणि लादीवरचा भुस्सा हातानं पुसायला लागल्या. हॉटेलातून आणलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी टँकरच्या पाण्यात भिजवल्या. मल्लप्पांनी त्या बिजलीच्या पोटावर, मांड्यांच्या आत, काखेत घातल्या. मग मी सलाईन लावायला घेतलं.

इथं मला पहिल्यांदा तिला हात लावावा लागला.

पुढच्या पायाची शीर मिळाली नाही. अंगातलं पाणी कमी झालं की शिरा बसतात, बोटाला लागत नाहीत. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला ब्लेडनं थोडे केस काढले. केस निघाले तरी ठिपका तसाच राहिला. तो खाली कातडीवरही होता. मी क्षणभर हात थांबवला. आतून बाहेरून एकच रंगकाम केलेलं होतं. कातडीखालचा स्नायू मऊ पडलेला असूनही बोटांना कळत होता. माझ्या मांडीएवढा तो पाय मनात आलं असतं तर मला चिंधीसारखा भिरकावू शकला असता. हे जनावर मी रोज तपासतो त्या जनावरांच्या पलीकडच्या जगातलं होतं, आणि त्या घटकेला ते माझ्या एका सुईवर अवलंबून होतं. सुई दुसऱ्या प्रयत्नात बसली. बाटली मल्लप्पांनी फांदीला टांगली.

वीस मिनिटांनी पारा उतरून एकशेसहाच्या जरा वर आला. आणखी थोड्या वेळानं एकशेपाच. उस्मानचाचांनी आभाळाकडं हात जोडले.

मला मात्र तेव्हाच नीट कळलं की मी काय करून बसलोय. ताप जसजसा उतरणार तसतशी ती शुद्धीवर येणार. मी माझं काम जितकं चांगलं करीन तितका मी तिच्या पंजाजवळ जाणार. बांधलेली नाही, गुंगी नाही, आणि सुई तिच्या मांडीत.

मी हे देवस्थळींना हळूच सांगितलं. ते म्हणाले की हो, तेच बघतोय मी. त्यांनी पिंजरा ट्रकमधून उतरवून तिच्या मागं दहा पावलांवर दार उघडून ठेवायला लावला. आत पाण्याचं घमेलं ठेवलं. युनिटच्या आणि बघायला जमलेल्या सगळ्या माणसांना गाड्यांत बसवून काचा वर करायला लावल्या. उस्मानचाचांना पिंजऱ्याच्या दाराशी उभं केलं. झाडाखाली उरलो आम्ही तिघं. मल्लप्पांना मी जा म्हणालो. ते म्हणाले, बाटली कोण बघणार? आणि थांबले.

एकशेचार झाल्यावर तिची जीभ आत गेली. देवस्थळी तिच्या कानांकडं बघत होते. एवढ्या जवळचं त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसायचं, तो काढून ठेवला होता. हळू आवाजात ते मला सांगत होते, जणू आम्ही चहा पीत बसलोय. आता डावा कान फिरला, तो ट्रककडं आहे, आपल्याकडं नाही. आता मिशा पुढं आल्या. अजून वेळ आहे डॉक्टर, तुम्ही तुमचं चालू ठेवा.

उष्माघातात एक चूक पुष्कळ जण करतात. अंग गार व्हायला लागलं की आनंदानं आणखी पाणी ओततात. मग पारा घसरत खाली जातो, थांबत नाही, आणि वाचलेलं जनावर गारठून जातं. म्हणून एकशेतीनला थांबायचं. मी मल्लप्पांना चादरी काढायची खूण केली. शेवटची चादर निघाली आणि तिचा पुढचा पंजा उचलला गेला.

तो देवस्थळींच्या मांडीवर पडला. नखं बाहेर आली. खाकी कापडातून ती आत जाताना मला दिसली. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण अंग हललं नाही. आवाजही बदलला नाही.

"डॉक्टर, सुई काढा. मग दोघंही उठा आणि चालत जा. पळायचं नाही, मागं बघायचं नाही."

मी सुई काढली. आम्ही चालत जीपपर्यंत गेलो. वीस पावलं असतील. तेवढं लांब मी पुढं आयुष्यात कधी चाललो नाही.

जीपमधून बघितलं तेव्हा ती बसली होती आणि त्यांच्याकडं बघत होती. एक हात अंतर. देवस्थळींनी मान खाली घातली, नजर जमिनीवर ठेवली आणि बसल्या बसल्या खांदा वळवून तिला वाट करून दिली, आपण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला करून देतो तशी. बिजली उठली. पाय थरथरत होते. ती त्यांच्या अंगाला घासून गेली, शांतपणे पिंजऱ्यात शिरली आणि घमेल्यात तोंड घातलं. उस्मानचाचांनी दार पाडलं. सगळ्या गाड्यांमध्ये मिळून शंभर माणसं तरी असतील. कुणीही टाळी वाजवली नाही.

देवस्थळींच्या मांडीत चार भोकं होती, खोल. मी ती धुतली आणि आमच्याकडच्या जनावरांच्या पट्टीनं बांधली. इंजेक्शनांसाठी त्यांना सिव्हिलला पाठवायचं ठरलं. तेवढ्यात दिनकरराव आले. त्यांना रडू आवरत नव्हतं, पण त्यांच्यापुढं अडचणही खरी होती. नायक आणि बिबट्याची झुंज हाच त्या सिनेमाचा मोठा सीन होता. त्यांनी विचारलं की दोन दिवसांनी, तिला बरं वाटल्यावर, घेता येईल का?

देवस्थळी म्हणाले, "ही आता उन्हात येणार नाही. पहाटे घ्या, सूर्य वर यायच्या आत, नुसती चालताना. झुंज मी बाहुल्याशी करतो."

"लोक हसतील हो."

"हसू देत."

बाहुला सोलापुरातच झाला. एका गादीवाल्यानं पिवळ्या कापडात कापूस भरून दिला आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यानं वर ठिपके काढले. मी बिजलीला तपासायला दोनदा गेलो तेव्हा तो बघितला. एक कान मोठा होता आणि चेहरा कुणावर तरी रुसल्यासारखा.

इकडं ऑफिसात माझी चौकशी झाली. लसीकरणाचा कॅम्प सोडून गेल्याबद्दल साहेबांनी बोलावलं. आमच्या मासिक अहवालात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या असे कॉलम असत. मी 'इतर' या कॉलममध्ये एक लिहिलं होतं. साहेबांनी त्यावर बोट ठेवून कडक आवाजात विचारलं की शासकीय दौऱ्यात बिबट्या कुठून आला. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठून त्यांनी दार लोटलं.

"हात लावलात?"

"हो सर."

"कसा लागतो?"

मी माझ्या बोटांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली आणि अहवालावर सही केली.

वर्षाभरानं सिनेमा सोलापुरात लागला. मी आणि मल्लप्पा मॅटिनीला गेलो. इतका वाईट आणि इतका मजेचा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. देवस्थळींना अभिनय म्हणून येत नव्हता. प्रेमाच्या प्रसंगात ते नायिकेशी असं बोलत होते की जणू तिला सुगरणीचं घरटं समजावून सांगतायत. कड्याला एका हातानं लोंबकळत असताना त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून घोरपडीच्या पकडीची माहिती दिली. नदीतल्या रबरी सुसरीच्या पाठीवर ट्यूबचं ठिगळ दिसत होतं. थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.

मग एकदम पहाट आली पडद्यावर. करडं गवत, आणि त्यातून बिजली चालत आली. काही सेकंदांचाच शॉट. ती थांबली, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि निघून गेली. पुढच्या रांगेतला तोंडाशी नेलेला एक शेंगदाण्याचा हात तसाच राहिला.

लगेच झुंज सुरू झाली. रुसलेल्या चेहऱ्याचा बाहुला देवस्थळींच्या अंगावर कुणीतरी फेकला. दोघं लोळले. बाहुल्याचं पोट उसवलं आणि कापूस बाहेर आला.

"गादी फाटली की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

मल्लप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. हसता हसता पडद्यावरच्या त्या माणसाची पँट बघत होतो. उजव्या मांडीवर पट्टीचा उंचवटा दिसत होता. शेजारी मल्लप्पाही हसायचे थांबले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, पट्टी आपलीच हाय."

सिनेमा आठवडाभर चालला आणि उतरला. देवस्थळींनी पुन्हा सिनेमात काम केलं नाही. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. मी त्यांना पत्र लिहिलं, त्याचं त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. तीन ओळी सोलापूरच्या माळावरच्या पक्ष्यांबद्दल होत्या. चौथीत लिहिलं होतं की उस्मानचाचांनी बिजलीसाठी छपराची खोली बांधून घेतली आहे आणि ती चांगली खाते.

पुढं नवीन डॉक्टर हाताखाली आले की उन्हाळ्याच्या तोंडावर मी त्यांना दोनच गोष्टी सांगायचो. एक, पारा एकशेतीनला आला की पाणी थांबवा. दुसरी, जनावराच्या डोक्याशी कोण बसलंय ते आधी बघून घ्या. औषधाची बॅग त्यानंतर उघडा.