चारपर्यंत मोजून थांबायचं

जब्बार गेल्याचा फोन मी दोनदा कट केला. अनोळखी नंबर होता, आणि हल्ली अनोळखी नंबरवरून एकतर कर्ज देणारे बोलतात नाहीतर प्लॉट विकणारे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दहा वाजून गेले होते. मी वैतागूनच उचलला. पलीकडे जब्बारचा पुतण्या होता. "चाचा, जब्बार चाचा गुजर गए. फजर की नमाज से फोन लगा रा हूं, तुम उठातेच नै..." माझ्या घरून, गारखेड्याहून, अजिंठ्याजवळच्या त्याच्या गावाला जायला तीन तास लागतात. मी पोचलो तोवर माणसं कब्रस्तानातून परतत होती. उभी हयात टेलिफोन खात्यात गेली माझी, आणि नेमका तो फोन मी कट केला. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

जब्बार आणि मी एकाच एक्स्चेंजला होतो. तो आत टेस्ट डेस्कवर, मी बाहेर खांबावर. गारखेड्यात तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त होती. लाइन दुरुस्त केली की मी वरूनच फोन जोडून त्याला लावायचो. तो म्हणायचा, "गिन." मी एक, दोन, तीन, चार म्हणून थांबायचो आणि तिकडून तो "पाच" म्हणायचा. माझा आवाज त्याला पोचला, त्याचा मला पोचला, लाइन चालू. दिवसात वीसवीस वेळा आम्ही बोलायचो ते एवढंच. तसा तो घुम्या माणूस. घरी फोन वाजला तर बायकोला, शहनाज भाभींना, उचलायला लावायचा. सगळ्या ऑफिसनं मोबाइल घेतले तरी त्यानं घेतला नाही. "दिनभर लोगां के फोन सुनताच हूं, घर में कैकू?" म्हणायचा. अशा माणसानं रिटायर झाल्यावर आख्ख्या गावाला फोन जोडून द्यावेत, याची संगती मला तेव्हाही लागली नाही आणि आजही लागत नाही.

त्याचं गाव चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खळग्यात आहे. कुठल्याच कंपनीची रेंज तिथं उतरत नव्हती. चढावर एक मोठा दगड होता, त्याच्यावर उभं राहिलं की लागायची. त्याला नावच पडलं होतं रेंजचा दगड. मुलीची सोयरीक असो की आजारपण, आधी तो चढ चढायचा. जब्बार गावी राहायला गेला आणि वर्षभरात यानं सगळ्यांना कामाला लावलं. पंचायतीनं पाण्याची टाकी वापरू दिली, गावातल्या वेल्डरनं जुन्या पायपांचे खांब करून दिले, बचत गटाच्या बायका टाकीवर चढून वायफायचे डबे बसवायला शिकल्या. एक डबा शाळेवर, एक मशिदीवर, एक मारुतीच्या देवळावर. त्याच्या पुढच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर, तो सगळ्यांना एकमेकांशी जोडून द्यायचा. पोरांनी टाकून दिलेले जुने मोबाइल चालायचे, सिम लागायचं नाही. घराचा नंबर तोच फोनचा नंबर. फक्त हे फोन गावातल्या गावात लागायचे, बाहेर कुठंच नाही. मी त्याला म्हणालो होतो, मग उपयोग काय? तर म्हणे, "गाव में बात करने को लोगां कम हैं क्या?" हे कोण म्हणतंय, तर ज्याला घरातला फोन उचलायचा कंटाळा, तो!

गेल्या वर्षी तो गारखेड्याला आला, पिशवीत दोन फोन आणि एक डबा घेऊन. चहासुद्धा न घेता मला गच्चीवर पाठवलं आणि स्वतः हॉलमध्ये बसला. फोन वाजला. "गिन." मी एक, दोन म्हणालो आणि थांबलो. शेजारचे कुलकर्णी त्यांच्या गच्चीवरून बघत होते. मला एकदम लाज वाटली... सत्तरीला टेकलेली दोन म्हातारी माणसं, आणि हे काय चाललंय आमचं? त्यात त्याच्या डोंगरावर कंपनीच्या टॉवरचं काम सुरू झालेलं. खाली येऊन मी त्याला सरळ सांगितलं, "जब्बार, नाद सोड आता. टॉवर आला की तुझी ही खेळणी कुणी विचारणार नाही." तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वायरी नीट गुंडाळल्या, चहा घेतला, आणि फाटकाशी जाऊन म्हणाला, "चार तक तो गिनता, साळवे." रागानं म्हणाला की चेष्टेनं? मी रोज वेगळं ठरवतो. ती आमची शेवटची भेट.

त्याच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, मी आदल्या दिवशीच गेलो. एसटीतून उतरलो तर फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा मोबाइल वाजला. त्यानं तो कानाला लावला, "एक, दोन, तीन, चार" म्हणाला, आणि मग, "हां बोल, कवा येतो?" मी बघतच राहिलो. भाभींना विचारलं तेव्हा उलगडा झाला. जब्बार रोज सकाळी आठ वाजता यादी घेऊन बसायचा आणि एकेका घराला फोन लावायचा. घरातलं माणूस चारपर्यंत मोजायचं, जब्बार पाच म्हणायचा. पाच-सहा वर्षं हे चाललं. टॉवर आल्यावर एकेक घर कंपनीच्या फोनवर गेलं, पण लोकांच्या तोंडात मोजणी तशीच राहिली. "आखिर आखिर में ज्यादातर लोगां उठाते नै थे, फिर भी लगाते थे," भाभी म्हणाल्या.

खरं तर या रोजच्या फोनाफोनीची गरजच नव्हती. कुठला फोन चालू, कुठला बंद, हे त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप दिसतं. हे त्याला माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

ती यादी अजून भिंतीवर आहे. घरं संपल्यावर थोडी जागा सोडून खाली त्याच्या अक्षरात लिहिलंय: साठ, साळवे. आणि फळीवर तोच फोन, जो मी गच्चीवरून खाली आणून त्याच्या हातात कोंबला होता. माझ्या नावाची चिकटपट्टी लावलेला. "हर जुम्मे को चार्ज करते थे," भाभींनी सांगितलं. गारखेडा कुठं, हे गाव कुठं! तो फोन माझ्याकडे कधी वाजणारच नव्हता. मग नंबर कशाला? मी येऊन राहीन असं वाटत होतं त्याला? की हीसुद्धा चेष्टा?

भाभींनी मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. "भाईसाब, ये बंद कर देव. रोज सुबह आठ बजे उनका फोन बजता. मेरे से उठाया नै जाता. चालीस दिन हो गए." कुणी बंद करायला धजत नव्हतं, आणि त्यातलं कळणारा तेवढा मीच उरलो होतो. मी म्हणालो, सकाळी करतो.

सकाळी मी बटणापाशी हात नेला आणि जब्बारचा फोन वाजला. पडद्यावर नंबर आला चौदा. यादीत बघितलं तर काशीबाई, खालची वस्ती. भाभी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी उचलला. म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी सावकाश मोजलं, "एक... दोन... तीन... चार..." आणि आवाज थांबला. माझं काम जन्मभर मोजायचं होतं, पुढचं त्याचं. शेवटी मी म्हणालो, "पाच."

"कोन हाय?"

"मी साळवे. जब्बारचा दोस्त. मावशी, जब्बार गेला हो..."

"त्ये म्हाईत हाय मला. मानूस गेलं, पर लाइन हाय का गेली, ते बगाया लावते रोज. हितं कड्याच्या आड टावरचं कायबी येत नाय, बाबा. याच्याबिगर मला कुनाशी बोलता येतंय?" मग तिनं बजावलं, "आन् पाच हळू म्हना. त्ये हळू म्हनायचे."

मी हळू म्हणालो. तिनं फोन ठेवला.

बटण मी बंद केलं नाही. भाभी दारात उभ्या होत्या. "बंद किया?" मी नकारार्थी मान हलवली. "फिर कल कौन उठाएगा?" चाळिसावा आटोपल्यावर दुपारच्या एसटीनं निघणार होतो, निघालो नाही. आणखी दोन सकाळी मीच उचलला. तिसऱ्या सकाळी फोन वाजला तेव्हा भाभींनी माझ्या हातातून घेतला, पदर कानामागे सारला, ऐकलं, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "पाच." इतकं हळू की मला नीट ऐकूही आलं नाही.

एका काशीबाईसाठी तो सगळं चालू ठेवत होता म्हणावं, तर न उचलणाऱ्या बाकीच्या घरांना का लावायचा? मला हे जुळवता येत नाही. माझा तो साठ नंबरचा फोन मी घेऊन आलोय. गारखेड्यात तो कशालाच लागत नाही. तरी शुक्रवारी चार्ज करतो, आणि सकाळी आठ वाजले की तो कानाला लावून गच्चीवर उभा राहतो. कुलकर्णी बघतात, बघू देत. मी चारपर्यंत मोजतो आणि थांबतो...