फळीवरची तोंडी परीक्षा

आईबापानंतर मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन, तर आमच्या समाजशास्त्राच्या सरांचा. कोणतीही अडचण सांगा, सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "पाहू ना बाप्पा. जमवू."

तुम्हीही असा एखादा प्राध्यापक पाहिला असेल, ज्याच्या अंगावर सगळ्या रिकाम्या जागा येऊन पडतात. ग्रामीण समाज, गुन्हेगारी, संशोधन पद्धती, सगळं सरच शिकवायचे. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "आपला विशेष विषय कोणता?"

"ज्याले शिकवणारा कोणी नाई, तो," सर म्हणाले.

पुढे त्यांच्याकडे विद्यापीठाच्या वसतिगृहाचा प्रभार आला, मग परीक्षेचा. प्रत्येक प्रभारासोबत किल्ल्या यायच्या. शिपाई चिडवायचा, "सर, साऱ्या घराच्या चाव्या कमरेले. थोरली सूनच झाले तुमी."

"सुनेले येळेवर भाकर तं भेटते लेका. माझा डबा सकाळचा तसाच हाये."

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी आमची तोंडी परीक्षा मे महिन्यात लागली. माझं गाव एटापल्लीकडच्या जंगलात. मे म्हणजे तेंदूपत्त्याचे, विडीच्या पानांचे, दिवस. पहाटे सगळं घर पानं तोडायला जातं. दुपारी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं वाळवायच्या मैदानावर, नेऊन रचायचे. वर्षाचं मीठ-कपडा त्यातूनच निघतं. माझ्यासारखी आणखी काही पोरं त्या भागातली होती. मी सरांना फोन केला, "सर, मी नाही येऊ शकत. एम.ए. सोडतो."

"सोडू नको. जमवू."

आणि सर दुसऱ्या परीक्षकांना एसटीत घालून थेट फळीवर आले. पुड्यांच्या रांगेशेजारी मांडी घालून आम्हा सगळ्यांना प्रश्न विचारू लागले. पुडे रचता रचता एका उत्तराला मी अडलो. आई माझ्याशी गोंडीतच बोलते, पण सरांना कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "परीक्षा तोंडी हाये ना? मंग हात काऊन थांबले?" सर इतके हसले की कपाळावरचा चष्मा पानांत पडला.

चूक पुढे झाली. अहवालात परीक्षेचं स्थळ लिहायचं होतं. कार्यालयातल्या बाबूंनी हात जोडले, "सर, विभागाचं नाव टाका ना जी. कोण पाहून राह्यलं?"

"जिथी घेतली तिथलंच लिहीन. पोरांनी चोरी थोडी केली?" म्हणत सरांनी लिहिलं, तेंदूपत्ता फळी.

तक्रार झाली. आमचे निकाल अडकले. चौकशी समितीपुढे सरांनी बचाव केलाच नाही. दोष माझा, पोरांचे निकाल सोडा, एवढंच म्हणाले आणि किल्ल्यांचा झुबका टेबलावर ठेवला. निकाल लागले. सरांना मात्र पुन्हा कोणताही प्रभार मिळाला नाही. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. आता ते भद्रावतीला लेकीकडे असतात.

मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. परवा त्यांना पत्र पाठवलं. त्यांची लेक वाचून दाखवते.

"सर, सादर नमस्कार. यंदा तोंडी परीक्षा पुन्हा मे महिन्यात लावली आहे. तारीख बदला म्हणून मी सगळ्यांच्या दारात उभा राहिलो. कोणी ऐकलं नाही. येणार नाहीत ते नापास, आणि एवढी पोरं गळाली तर पुढच्या वर्षी विभागच बंद, असं तोंडावर सांगितलं.

काल आमच्या फळीवर गेलो होतो. माझ्या वर्गातल्या मुली पुडे रचत होत्या. तुमची गोष्ट त्यांनी घरी ऐकलेली आहे. एकीने विचारलं, 'सर, आमची परीक्षा इथी कवा होते जी?'

मी चष्मा कपाळावर चढवला, सर. तुमचं 'जमवू' मात्र तोंडातून निघालं नाही. हातात पुडा घेऊन ती तशीच माझ्याकडे पाहत उभी राहिली.

तुमचा विद्यार्थी."