वज्रसेनाची सारखी वाटणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सांगायला लागलो की मला मध्ये थांबवलेलं चालत नाही. माझी बायको वंदना म्हणते, देवानं मला तोंड दिलं पण त्याला झाकण द्यायचं विसरला. तिचं हे म्हणणं लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

मी अवसरी बुद्रुकचा. पंचक्रोशीत माझं नाव आहे ते वाटणीसाठी. भावाभावांत वाटण्या करायच्या असल्या की कळंबपासून पार डिंगोऱ्यापर्यंत मला बोलावणं येतं. माझ्या हातून कमीजास्त होत नाही. बांधावरचा आंबा दोघांत आला तर मी उत्तरेच्या फांद्या एकाला देतो, दक्षिणेच्या दुसऱ्याला आणि शेंडा आईला. माझ्या वाटणीवरून आजवर कुणी कोर्टात गेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला याचा गर्व होता.

त्या गर्वानंच माझा घात केला, आणि तोही कुठं, तर एका खेळात.

माझी पुतणी सायली पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला आली ती हा खेळ घेऊनच. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. ती गोष्ट सांगणार, आपण गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, आणि काही करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राला तीस गुण. ते नेम, जादू, ताकद, चपळाई, अक्कल आणि बोलणं अशा सहा जणांत वाटायचे.

'वाटायचे' म्हटल्यावर मी सरसावून बसलो.

मी ठरवलं, आपण जादूचा तिरंदाज व्हायचं. सोडलेल्या बाणाची वीज व्हावी, दोरी व्हावी, मनात येईल ते व्हावं. नाव ठेवलं वज्रसेन. कागद पुढं ओढला आणि एका मिनिटात वाटणी उरकली. प्रत्येकाला पाच.

"काका, असं नका करू," सायली म्हणाली. "तिरंदाज आहे ना तो? नेमाला आणि जादूला जास्त द्या."

"आन् बाकीच्या चौघांनी काय घोडं मारलंय?"

"अहो, ते काय सख्खे भाऊ आहेत का?"

"एका घरात ऱ्हात्यात ना? मग भाऊच."

वंदनानं मात्र तीसपैकी वीस गुण एकट्या ताकदीला देऊन टाकले. अकलेला एक. मी म्हटलं, "अगं, अकलेला एकच?"

"पंचवीस वर्षं तुमच्यासंगं काढली," ती म्हणाली, "कुठं लागली?"

तिच्या पैलवान बाईचं नाव हौसाबाई. हे तिच्या आजीचं नाव. ती आजी म्हणे एका हातानं नांगर उचलायची.

तीन रविवार दुपारची जेवणं झाली की आम्ही बसायचो. हौसाबाई दरवाजे फोडायची, वेताळांना आपटायची, आणि इकडं वंदना बसल्याजागी शड्डू ठोकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं. वज्रसेन मागं उभा राहून हौसाबाईचं कौतुक करायचा. त्याला सगळंच थोडंथोडं यायचं, म्हणजे धड काहीच यायचं नाही.

चौथ्या रविवारी घोळ झाला. कड्याच्या टोकावर एका राक्षसानं हौसाबाईला पायाला धरून उलटं टांगलं. खाली दरी.

"काकू, आता ताकद चालणार नाही, पाय टेकायला जागाच नाही," सायली म्हणाली. "काका, तुमच्यावर आहे सगळं."

वंदना माझ्याकडं बघायला लागली. "मारा की बाण. पण बेतानं, हौसाबाईला लागंल."

फासा टाकला. अकरा पडले. त्यात नेमाचे पाच, सोळा.

"अठरा लागतात," सायली म्हणाली.

म्हटलं, जादू करतो, बाणाची दोरी करतो. बारा पडले. जादूचे पाच धरून सतरा. एकानं हुकलं.

मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. "हे बघा राक्षसभाऊ," म्हटलं, "पाय तुमच्या हातात, बाई आमची. ओढाताणीत कुणाचंच भलं न्हाई. खाली बसू, चहा घेऊ, मधला मार्ग काढू." दहा आणि पाच, पंधरा.

"राक्षसाला पटलं नाही," सायली म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्यानं पाय सोडला."

वंदना उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हशीला वैरण टाकायची ऱ्हायलीय." वैरण तिनं माझ्यासमोर तासाभरापूर्वीच टाकली होती. खेळातली का असेना, बायकोची आजी मी दरीत पाडली होती.

मी सायलीपुढं हात जोडले.

"बरं," ती म्हणाली, "हौसाबाई खाली एका झाडाला अडकलीय असं धरू. पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही वाटणी मोडून परत करा. पण गुण तीसच."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची वाटणी मोडली. आठवडाभर तो कागद खिशात घेऊन फिरलो. नेमाला बारा, जादूला बारा. उरले सहा. ताकदीला दोन हवेतच, नाहीतर धनुष्य कोण उचलणार? चपळाईला दोन, अकलेला दोन. राहिलं बोलणं. त्याच्यापुढं शून्य लिहिताना हात अडखळला. पण मग वाटलं, बोलायला काय, मी स्वतः आहेच की.

रविवारी फासा टाकला आणि सात पडले.

"सात आणि बारा, एकोणीस," सायली म्हणाली. "बाणाची दोरी झाली, हौसाबाईच्या कमरेला बसली. ओढा वर."

"आली गं माझी आजी," म्हणत वंदनानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "जमलं की तुमाला."

माझी छाती फुगली. राक्षसाला सुनवायला मी आठवडाभर भाषण घोकलं होतं. घसा खाकरला आणि म्हणालो, "अरे राक्षसा..."

"काका," सायलीनं अडवलं, "वज्रसेनाला बोलण्यात शून्य आहे. तो मुका आहे. खेळ संपेपर्यंत तुम्हाला बोलता येणार नाही."

"अगं, पण मी..."

"बोललात की जादू मोडणार आणि हौसाबाई परत दरीत."

वंदनानं माझ्याकडं असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं.

ते साडेतीन तास मिटलेलंच होतं. राक्षसाशी बोलणी वंदनानं केली. राक्षसाकडून मिळालेल्या खजिन्याची वाटणीही तिनंच केली, हौसाबाईला पाऊण आणि वज्रसेनाला पाव. मी जीव तोडून हातवारे केले, तर सायलीनं मला पाणी आणून दिलं. मध्येच कळंबचे एक पाव्हणे खऱ्या वाटणीचं विचारायला दारात आले. वंदनानं त्यांना बाहेरूनच वाटेला लावलं, "उंद्या या पावणं, आज त्ये मुके हाईत." ते बिचारे मला नमस्कार करून, हळहळत गेले.

संध्याकाळी सायली फासे पिशवीत भरायला लागली. वंदनानं तिचा हात धरला.

"सायले," ती म्हणाली, "ह्यो खेळ रोजच्याला न्हाई का गं घेता येणार?"