वाट माझी सोडा

आईने बाबांचं नाव आयुष्यात किती वेळा घेतलं असेल? माझ्या माहितीत चार वेळा. लग्नात एकदा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शेजारणींनी दारात अडवून ठेवलं तेव्हा एकदा. उरलेल्या दोन वेळांबद्दल हे लिहितोय. चारही वेळा उखाण्यातच, आणि उखाणाही तोच. एरवी ‘अहो’. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं की आई माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो. ते नाव मी इथे लिहिणार नाही. तिने जे इतकं जपून वापरलं, ते मी फुकट वाटत का सुटू?

आम्ही मुलुंडचे. त्याआधी परळचे, त्याच्याही आधी मालवणकडचे. बाबांनी उमेदीची दहा वर्षं गिरणीत, मागांच्या धडधडाटात काढली. पुढे गिरणी बंद पडली आणि ते भांडुपच्या एका कारखान्यात लागले, पण कान तोवर गेले होते. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतली माणसं समोरच्याचे ओठ वाचायला शिकायची. ती विद्या बाबांना जन्मभर पुरली. आई गॅलरीतून आवाज न काढता नुसते ओठ हलवायची, आणि खाली रस्त्यावर बाबा मान डोलवायचे, की हो, कोथिंबीर आणतो. सगळ्यांचे आईबाप असेच बोलतात, असं मला लहानपणी वाटायचं.

घरात एक नियमही होता. गर्दीत कोणी चुकलं तर शोधत फिरायचं नाही, स्टेशनच्या पुलावर जाऊन उभं राहायचं. ईस्टचा असो की वेस्टचा, पुलावर प्रत्येकाला यावंच लागतं. सात वर्षांचा असताना मी बाजारात आईचा हात सोडून हरवलो, तेव्हा असाच पुलावर सापडलो होतो. बाबा आले, माझी मान पकडली आणि म्हणाले, “शाब्बास.” एवढंच.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी दोघांना युरोपला नेलं. कोणी मागितलं नव्हतं. बाबांना मालवणला जायचं होतं, आईला कुठेच जायचं नव्हतं. बायको मुलीच्या दहावीसाठी घरी थांबली. मला सुट्टी मिळाली जानेवारीत, म्हणून आम्ही तिघे जानेवारीत व्हेनिसला पोचलो, जेव्हा शहाणी माणसं तिथे जात नाहीत.

गाडी नाही, रिक्षा नाही, हॉर्न नाही. मुलुंडात पाच मिनिटं हॉर्न वाजला नाही तर लोक खिडकीत येऊन बघतात, काय झालं म्हणून. इथे गल्ली, पाणी, पूल, पुन्हा गल्ली, आणि या सगळ्यावर धुकं. दुपारी चारलाच दिवे लागले होते. समोरून माणूस यायचा तो आधी पावलांच्या आवाजाने यायचा, मग दिसायचा. काही पावलं नुसतीच यायची, माणूस दिसायचाच नाही. कुठल्यातरी दारात वळत असतील, असं मी मनाशी म्हणायचो.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, कारण त्यावरच सगळं गेलं. मी चिडका आहे. प्रवासात तर विचारूच नका. आम्हाला पाचची ट्रेन पकडून शहराबाहेरच्या हॉटेलात परतायचं होतं, आणि बाबा दर दहा पावलांवर थांबत होते. दोन इमारतींच्या मधे, पाण्यावरून, कपडे वाळवायच्या दोऱ्या ओढल्या होत्या. दोरीच्या टोकाला कप्पी लावून ती खिडकीतून कशी फिरवतात, ते त्यांना बघायचं होतं. एका लहानशा पुलावर ते चौथ्यांदा थांबले. कानातलं मशीन त्यांनी हॉटेलात चार्जरवरच ठेवलं होतं, म्हणून मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडलो, “बाबा, चालायचं असेल तर चाला, नाहीतर थांबा इथेच!”

आणि वळून चालू लागलो. आई माझ्या मागे. पाच-सात वळणांनंतर मी मागे बघितलं, तर आई होती आणि तिच्या मागे धुकं होतं.

पहिली पाच मिनिटं मी चिडलेलाच होतो. मग एकेक आठवू लागलं. बाबा पंचाहत्तरीचे, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, संध्याकाळची गोळी माझ्या सॅकमध्ये. त्यांच्या फोनला तिथे रेंज नव्हती, हॉटेलचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी नकाशा उघडला. त्यातला निळा ठिपका या भिंतीतून त्या भिंतीत उड्या मारत होता, मधेच पाण्यातही जाऊन आला.

“पुलावर असतील,” आई म्हणाली.

“आई, या गावात नुसते पूलच आहेत गं!”

आम्ही फिरत राहिलो. एका बंद औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस उघडझाप करत होता. तिथून आम्ही डावीकडे गेलो आणि थोड्या वेळाने परत तिथेच आलो. मग उजवीकडे गेलो, आणि पुन्हा तोच क्रॉस. तिसऱ्या वेळी समोरचा हिरवा उजेड बघून मी आईचा हात धरला, हे कबूल करतो. येईल त्याला मी बाबांचा फोटो दाखवत होतो. लोक सौजन्याने बघत होते आणि मान हलवत होते. मघाशी काय बोललो, ते मी आईकडे काढत नव्हतो आणि तीही काढत नव्हती.

“चकवो लागलो रे,” आई सहज म्हणाली. गावी रानात माणसाची वाट चुकवून त्याला गोल गोल फिरवणारं जे काही असतं, त्याला आमच्याकडे चकवा म्हणतात. मी मुंबईत वाढलेला माणूस, एरवी हसलो असतो.

तिने हाका मारायला सुरुवात केली. “अहो! अहोऽ!” भिंतींवर आपटून तिचाच आवाज परत यायचा, पुढचा अर्धा खाऊन, नुसता ‘हो’. कोणीतरी हो म्हणतंय आणि येत मात्र नाहीये. मला ते सहन होईना.

“नाव घे गं त्यांचं,” मी म्हणालो. “अहो काय, कोणीपण असतं.”

आई थांबली. स्वेटरवरून पदर घट्ट ओढून घेतला. “नुसता अहो म्हटल्यार कोनाक कळतला,” असं स्वतःशीच पुटपुटली. पण नाव तिच्या तोंडून सुटं निघेना. दोनदा तोंड उघडून तिने मिटलं. मग डोळे मिटून, खणखणीत आवाजात, पन्नास वर्षांपूर्वी सासरच्या उंबरठ्यावर घेतलेला उखाणा तिने त्या धुक्यात घेतला:

“दारापुढे अंगण, अंगणात सडा,
…रावांचं नाव घेते, वाट माझी सोडा!”

घरी हा उखाणा ऐकून बायका हसतात. तिथे माझ्या अंगावर काटा आला, कारण या वेळी ती बायकांना वाट सोडा म्हणत नव्हती. एका खिडकीची झडप लागल्याचा आवाज झाला. मग शांतता.

आणि मग डाव्या हाताच्या गल्लीतून कोणीतरी म्हणालं, “ओ.”

बाबाच. घसा न साफ केलेला, जडसर, आपल्याच घरात आतल्या खोलीतून द्यावा तसा ओ. मी धावलो. गल्ली इतकी अरुंद, की सॅक दोन्ही भिंतींना घासत होती. मागून आई ओरडत होती, थांब म्हणून. शेवटी तिने माझ्या जॅकेटची टोपी पकडून मला मागे खेचलं तेव्हा मी खाली बघितलं. गल्ली संपली होती. पुढे शेवाळलेल्या तीन पायऱ्या आणि काळं पाणी होतं. गल्लीत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

“आवाज त्यांचोच,” आई धापा टाकत म्हणाली, “पण ते नाय.”

मी तिला काही विचारणार, तेवढ्यात तिने पाण्याच्या कडेने उजवीकडे बघितलं. वीसेक पावलांवर धुक्यात एक लहान पूल होता. त्यावर दिवा, आणि दिव्याखाली माकडटोपी घातलेले बाबा, कठड्याला धरून उभे. वर कपड्यांच्या दोऱ्या. तोच पूल. मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, पण ते भलतीकडेच बघत होते. आईने ओरडायचा प्रयत्नही केला नाही. तिने फोनचा दिवा लावून स्वतःच्या तोंडावर धरला आणि हलवत राहिली. बाबांची मान वळली. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, ती म्हणाली, “थंयच थांबा. येतंय मी.”

बाबांनी मान डोलवली.

आम्ही पोचलो तेव्हा ते गारठून गेले होते, हात लाकडासारखे. मी रडायलाच लागलो. “बाबा, मागे का नाही आलात?”

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. “तूच बोललास ना, थांबा इथेच?”

टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला. मुलाने थांबा सांगितलं, ते थांबले. पूलही होता. त्यांच्या लेखी ते हरवलेच नव्हते, हरवलो होतो आम्ही.

गाडीत गोळी घेतल्यावर मी त्यांना विचारलं, आईच्या हाकेला ओ दिलात ना? ते म्हणाले, कसली हाक? मुलुंडला परतल्यावरही मी अधूनमधून विचारायचो. शेवटी ते वैतागले. “ऐकूच आलं नाही रे मला, तर ओ कुठून देऊ?”

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. माझा आवाज त्यांच्यावर गेलाय, असं नातेवाईक तेव्हापासून म्हणू लागले. फोनवर मी हॅलो म्हटलं की गावची आत्या क्षणभर गप्प होते.

या जानेवारीत एका सकाळी येऊरच्या डोंगरावरून धुकं उतरून थेट आमच्या गॅलरीपर्यंत आलं होतं. मी नुकताच उठून पॅसेजमधून येत होतो. आई तुळशीला पाणी घालून गजाला धरून उभी होती, पाठमोरी. तिला बहुतेक वाटलं घरात सगळे झोपलेत. ती धुक्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “दारापुढे अंगण, अंगणात सडा…” आणि पुढची ओळ, नावासकट, पूर्ण.

माझ्या तोंडून “ओ” गेला. का गेला, मला सांगता येणार नाही. घसा साफ केलेला नव्हता. तो आवाज कानावर पडला आणि मी ओळखला. मी तो त्या गल्लीत ऐकला होता.

आई दचकली नाही, वळलीही नाही. गजावरची तिची पकड तेवढी सैल झाली.

“थंयच थांबा,” ती म्हणाली. “येतंय मी.”

आई, मी आहे गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. पायाखालची लादी बर्फासारखी गार होती.

मी थांबलो.